दुसरं मांजर

विंचूरच्या पुढच्या कांदाचाळीत ऋजुताने ते पिल्लू पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्वतःएवढ्याच उंदराला फरपटत नेत होतं आणि दमलं की त्याच्यावरच बसून विसावा घेत होतं.

"घेऊन जा मॅडम याला," चाळीचे मुकादम भिकनतात्या म्हणाले. "दिवाळी झाली की ही चाळ पाडू राहिले. नव्या बंदिस्त चाळीत माशी शिरायची नाही, तिथं बोका कुठून शिरणार? रांगड्या कांद्याची रोपं टाकली तेव्हा जन्मला, म्हणून आम्ही त्याला रांगडाच म्हणतो. आहेही तसाच."

ऋजुताचं कामच वासाचं होतं. कांदा सडायला लागला की डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा वास बदलतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पण लांब दांडीच्या टोकाला बसवलेल्या यंत्राला कळतो. सगळे त्या यंत्राला 'नाक' म्हणत. निफाड-लासलगावच्या चाळींमधून ते नाक फिरवायचं, कोणता ढीग आधी बाजारात काढायचा ते सांगायचं आणि संध्याकाळी नाशिकला घरी परतायचं, असा तिचा दिवस जाई. त्या संध्याकाळी मात्र तिच्या डोक्यात कांदा नव्हता, रांगडा होता.

अडचण एकच होती. घरात एक मांजर आधीपासून होतं.

ठमी. जाड, भुरी, कपाळाला कायमची आठी पडल्यासारखी दिसणारी. ती पल्लवीची मांजर. पल्लवी म्हणजे कौस्तुभची पहिली बायको. चार वर्षांपूर्वी तापाच्या साथीत ती गेली आणि मागे राहिल्या ही ठमी आणि मुलगी मनवा, आता तेरा वर्षांची. ऋजुता कौस्तुभशी लग्न करून या घरात आली त्याला वर्ष होत आलं होतं. ती खोलीत आली की ठमी अजूनही खोलीतून उठून जायची. मनवा उठून जायची नाही. ती ऋजुताला 'तुम्ही' म्हणायची.

जेवताना ऋजुताने विषय काढला. "चाळीतलं एक पिल्लू आहे. बोका. आणावं म्हणतेय."

"ठमीला नाही चालणार," ताटातून मान वर न करता मनवा म्हणाली.

"होईल सवय हळूहळू."

"एक मांजर आहे ना घरात? मग दुसरं कशाला?" मनवाने पाण्याचा घोट घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "दुसरं आणायची या घराला हौसच फार."

कौस्तुभचा घास हातातच राहिला. "मनवा!"

"मी मांजराबद्दल बोलतेय, बाबा." तिने ताट उचललं आणि ती आत निघून गेली.

ऋजुताला राग आला होता, पण त्याहून जास्त एक प्रकारचं कौतुक वाटलं होतं. एवढ्या नेमक्या जागी सुई टोचायला डोकं लागतं.

कौस्तुभ दातांचा डॉक्टर होता. लोकांना दुखू नये याची व्यवस्था करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. पुढच्या रविवारी तो नारळाएवढं एक पांढरं यंत्र घेऊन आला आणि त्याने ते दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवलं.

"सलगी," तो म्हणाला. "रांगड्यासाठी."

सलगी तोवर नाशकात घरोघर माहीत झालं होतं. त्यामागचा शोध साधा होता. मांजरं एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत. गालाजवळच्या, शेपटीच्या बुडाजवळच्या ग्रंथींतून पाझरणारा वास ती एकमेकांच्या अंगावर घासतात, आणि हळूहळू त्या कळपाचा सगळ्यांना सामायिक असा एक वास तयार होतो. ज्याला तो आहे तो आपला, ज्याला नाही तो परका. शास्त्रज्ञांनी शोधून काढलं ते असं, की हा आपलेपणा कुठल्या एका द्रव्यात नसतो. पाच-सहा स्निग्ध आम्लांच्या प्रमाणात असतो, जसा आमटीचा स्वाद एका मसाल्यात नसतो. ते प्रमाण मोजता आलं की बनवता येतं. घरातल्या मांजरीच्या गालावरून फिरवलेला कापसाचा बोळा यंत्रात ठेवायचा. यंत्र तो वास वाचतं, तसाच घडवतं आणि खोलीभर सोडत राहतं. नवं मांजर त्यात नाहून निघतं, आणि जुनीला वाटतं, हे तर आपल्यातलंच.

पुढची पायरी कुणीतरी चढणारच होतं. माणसाच्या नाकाला वाटतं की आपण वासावर चालत नाही, पण बाळंतीण तान्ह्याचं झबलं डोळे मिटून ओळखते. माणसातही असं एक प्रमाण सापडलं. ते इतकं विरळ असतं की वास म्हणून जाणवत नाही, पण मेंदूतली धोक्याची घंटा मात्र बंद करतं. 'सलगी परिवार' बाजारात आलं. आधी वृद्धाश्रमांत, मग वसतिगृहांत, मग एकत्र कुटुंबांत. ऋजुताच्या इमारतीत निम्म्या घरांतून ते चालू होतं आणि त्या घरांतून कधी चढा आवाज येत नसे.

"हे मांजरांचंच ना?" ऋजुताने विचारलं.

"मांजरांचंच," कौस्तुभ म्हणाला आणि बोळा घेऊन ठमीच्या गालाकडे गेला. ठमीने त्याच्या मनगटावर लाल रेघ ओढली.

ऋजुताने आपल्या बाजूने एक केलं. रांगड्याच्या अंगावरून पुसलेलं फडकं आणून ठमीच्या ताटलीजवळ ठेवलं. ठमीने ते हुंगलं, तोंड वासलं, शेपूट फुगवली आणि फडक्यावर फिसकारून निघून गेली. ठीक आहे, ऋजुताला वाटलं, यंत्राला थोडे दिवस द्यायला हवेत.

थोड्या दिवसांनी बदल झाला, पण तो मनवात.

ती शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात घुटमळू लागली. एकदा ओट्याला टेकून तिने वर्गातल्या एका मुलीची नक्कल करून दाखवली. एका शनिवारी ती तेलाची वाटी घेऊन आली आणि ऋजुताच्या पायाशी पाठ करून बसली. "लावून दे ना," ती म्हणाली.

लावून दे. ऋजुताने वाटी हातात घेतली. तिने काहीच न ऐकल्यासारखं करून त्या दाट केसांत बोटं घातली. मनवाने मागे रेलून तिच्या गुडघ्यावर मान टाकली आणि डोळे मिटले. ऋजुता किती वेळ तेल लावत राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, परक्याच्या पोरीकडून माया मागू नकोस. तिने मागितली नव्हती. तरी तिच्या पायाशी ती आपणहून येऊन बसली होती. सोमवारी कांद्याच्या ढिगांत नाक फिरवताना ती स्वतःशीच गुणगुणत होती, आणि भिकनतात्यांनी विचारलं, "मॅडम, पगार वाढला काय?"

फक्त ठमी बदलली नव्हती. फडक्यावर ती पहिल्या दिवशी फिसकारली होती तशीच अजून फिसकारत होती. जिच्यासाठी यंत्र आणलं तिच्यावर तसूभर परिणाम नव्हता.

यंत्र बिघडलं असणार, असं समजून ऋजुता एके दिवशी कामावरचं नाक घरी घेऊन आली. घरात कुणी नव्हतं. तिने ते सलगीच्या जाळीपाशी धरलं. पडद्यावर रेघा उमटल्या. मांजराच्या आम्लांच्या जागी काहीच नव्हतं. होती ती माणसाच्या कातडीची आम्लं. ऋजुता पाहतच राहिली. आणि त्या रेघांच्या कडेला एक बारीक, टोकदार रेघ होती, जी तिला पाहताक्षणी ओळखू आली, कारण बारदानाच्या गोदामांत ती नेहमी दिसायची. डांबरगोळी.

घरात डांबरगोळ्या एकाच ठिकाणी होत्या. झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या खणात, पल्लवीच्या कपड्यांत. तो खण ऋजुताने आजवर कधी उघडला नव्हता. त्या दिवशी तिने स्टूल घेतलं. सगळ्यात वर पल्लवीची निळी शाल होती आणि शालीचा एक कोपरा कात्रीने कापून घेतलेला होता.

ती स्टुलावरून उतरली आणि तिथेच खाली बसली. म्हणजे मनवाने मान टाकली ती तिच्या गुडघ्यावर नव्हतीच. सगळ्या घरात पल्लवी दरवळत होती आणि ऋजुता नुसती तिच्या वासाची खुंटी झाली होती.

कौस्तुभ आला तेव्हा शाल टेबलावर होती. त्याने शालीकडे पाहिलं, मग कपाटावरच्या यंत्राकडे, आणि सावकाश खुर्ची ओढली.

"मी तुझ्यासाठीच केलं, ऋजू."

"माझ्यासाठी? मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते!"

"चार वर्षांनी माझी मुलगी या घरात हसली," कौस्तुभ म्हणाला. "तुझ्याजवळ बसली. तुलाही आवडलं ना? खोटं बोलू नकोस, मी पाहिलंय तुझ्याकडे. दाढ काढायची तर मी आधी बधिर करतो. तो काय गुन्हा असतो?"

"बधिर करताना पेशंटला सांगतोस ना? का त्याच्या नकळत टोचतोस?"

त्याने शालीची घडी सारखी केली. मग म्हणाला, "प्रेम म्हणजे तरी शेवटी काय गं? कुठलं तरी द्रव्यच ना?"

"असेल. पण ते माझ्या अंगातलं द्रव्य असू दे. तिला माझा राग येत असेल तर तो माझा राग आहे. तो मी कमावलाय." तिने उठून यंत्राची वायर खेचली. "आणि हे मी तिला सांगणार आहे."

"वेडी आहेस? बंद केलंस ना, मग सांगायची गरज काय? हळूहळू उतरेल सगळं. तिला कळणारही नाही."

"तिला कळणार नाही, हेच तर तू केलंस."

"ती पुन्हा तुला अहो-जाहो करेल."

"करू दे," ऋजुता म्हणाली आणि वायर यंत्राभोवती गुंडाळू लागली.

मनवा क्लासहून आली तेव्हा ऋजुताने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही, काही झाकलं नाही. मनवा ऐकत राहिली. तिने शाल ओढून घेतली आणि कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"म्हणूनच," ती म्हणाली.

"काय म्हणूनच?"

"मला इतक्या दिवसांत आईची आठवणच आली नाही. एकदाही नाही." तिने बापाकडे पाहिलं. "मी म्हटलं, झालं वाटतं, विसरले मी तिला. मला किती भीती वाटली होती, माहितीय? आणि ते तू केलंस, बाबा. माझ्या डोक्यात शिरून तू आईला..." तिने शाल छातीशी धरली, आत गेली आणि दार इतक्या जोरात आपटलं की खालच्या मजल्यावरून कुणीतरी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेलं.

पुढचे दिवस घरात विस्तव होता. मनवा कौस्तुभशी बोलतच नव्हती. ऋजुताशी बोलायची, पण शब्द मोजून, आणि अर्थातच 'तुम्ही' करून. ऋजुताने तिची वेणी घालायला कंगवा हातात घेतला तर ती म्हणाली, "नको. मला येते." ऋजुताला वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात एक ठणठणीतपणा होता. निदान ही समोर बसलेली मुलगी खरोखर तिच्याकडेच पाहून नको म्हणत होती.

दिवाळी झाली आणि भिकनतात्यांचा फोन आला. चाळीचे पत्रे काढायला माणसं आली होती. "बोक्याचं काय करायचं, मॅडम?"

ऋजुताने फोन ठेवला तर मनवा दारात उभी होती.

"आणणार आहात त्याला?"

"तूच नको म्हणाली होतीस."

"ठमीला नको असेल. मी तिच्या वतीने बोलले." मनवा आत आली. "पण त्या पोराला सगळ्यांनीच नको म्हटलेलं बरं नाही. आणू आपण. पण ते यंत्र परत लावायचं नाही. ठमीला राग येणार असेल तर येऊ दे. तिचं घर आहे, तिचा हक्क आहे."

"दोघं फाडून काढतील एकमेकांना," आतून कौस्तुभ म्हणाला.

"फाडू देत," मनवा म्हणाली. त्या आठवड्यात ती बापाशी बोललेली ही पहिलीच गोष्ट होती.

दोघी विंचूरला गेल्या. रांगड्याने मनवाच्या दंडावर नखं ओढली, पिंजऱ्यात घालेपर्यंत आकांत केला आणि परतीच्या रस्त्यात गाडीत घाण केली. मनवाने नाक दाबून खिडकी उघडली. "हा तर तुमच्यापेक्षा वाईट पाहुणा आहे," ती म्हणाली. ऋजुता इतकी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली.

मग जुन्या पद्धतीने सुरुवात झाली. रांगडा गॅलरीला लागून असलेल्या खोलीत, ठमी बाकीच्या घरात, मध्ये बंद दार. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या ताटल्या. इकडचं फडकं तिकडे, तिकडचं इकडे. ठमी दाराखालच्या फटीशी बसून खालच्या पट्टीत गुरगुरायची, आणि पलीकडून रांगडा तेच गाणं वरच्या पट्टीत म्हणायचा. एकदा दार लोटलेलं राहिलं आणि दोघं दिवाणखान्याच्या मधोमध भिडली. भुरे आणि पिवळे केस पंख्याच्या वाऱ्याने घरभर झाले. ऋजुताने ओलं पोतं टाकून त्यांना सोडवलं. तिच्या हाताला पंजा लागला, मनवाच्या गालाला. दोघी एकमेकींना औषध लावत बसल्या आणि दार कुणी उघडं टाकलं यावरून कडाडून भांडल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी बच्छाव आले. त्यांच्याकडे सलगी होतं. ते फार गोड हसले.

"तुमच्याकडे जरा आवाज होतो," ते म्हणाले. "नाही, तक्रार नाही. काळजी वाटते. आता आपण खालच्या दालनात आणि जिन्यात सामायिक सलगी बसवतोय. सगळ्या रहिवाशांचा मिळून एक वास. पार्किंगवरून भांडण नको, काही नको. फक्त नियम असा आहे की प्रत्येक घराची संमती लागते. सभेला या."

सभा गच्चीवर झाली. बहुतेक मंडळी प्रसन्न होती. जोशीकाकू म्हणाल्या, सून इतकी बदलली की काय सांगू. सूनही बाजूला बसून हसत होती. बच्छावांनी हात वर करायला सांगितलं आणि हातांचं रान उगवलं.

"देवरे?" बच्छावांनी कौस्तुभला विचारलं.

कौस्तुभने ऋजुताकडे पाहिलं. ऋजुता उठली.

"आमची संमती नाही."

"अहो, पण नुकसान काय आहे त्यात?"

"माझ्या घरात ते होतं," ऋजुता म्हणाली. "माझ्या मुलीला त्याने हसवलं. आणि तिच्या आईची आठवण पुसली. तुम्ही सगळे जिन्यात मला हसून भेटता, त्यातलं कोण खरं हसतंय ते मला आता कळत नाही. ज्याला माझा राग येतो त्याने तो येऊ द्यावा. मी निस्तरीन. पण माझ्या नाकातून कुणी माझ्या डोक्यात शिरलेलं मी चालवून घेणार नाही."

"तुमच्या एका घरासाठी सगळ्यांनी भांडत बसायचं का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हो!" मनवा उठून उभी राहिली. गालावरचा ओरखडा अजून लाल होता. "बसा भांडत. ठमी आणि रांगडा भांडतात तर त्यांना कळतं तरी की समोर कोण आहे."

गच्चीवर चुळबुळ झाली. बच्छाव हसरेच राहिले. सगळ्यांनी कौस्तुभकडे पाहिलं. घर त्याच्या नावावर होतं आणि शेवटचा शब्द त्याचा होता. तो मान खाली घालून उठला. मग म्हणाला, "मला भीती वाटते. यंत्र नसेल तर ही पोर मला कधी माफ करेल की नाही, मला माहीत नाही." त्याने मान वर केली. "तरी आमचं घर नाही म्हणतंय."

ठराव बारगळला. त्यानंतर जिन्यात काही लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जोशीकाकूंची सून मात्र एकदा लिफ्टमध्ये ऋजुताजवळ सरकली आणि हळूच विचारून गेली, "ते बंद केल्यावर किती दिवसांत उतरतं हो?"

हिवाळा सरता सरता मधल्या दाराची कडी निघाली. ठमी आणि रांगडा मित्र झाले नाहीत. ठमी फ्रिजवर बसायची, रांगडा टेबलाखाली, आणि घर आपलंच आहे असं दोघांनाही वाटत राहिलं. मनवाने कौस्तुभला माफ केलं की नाही हे कुणी विचारलं नाही, पण एका रविवारी ती त्याच्याबरोबर मिसळ खायला गेली.

त्याच रविवारी दुपारी रांगड्याने लोणच्याची बरणी पाडली. ठमी फ्रिजवरून त्याच्या अंगावर झेपावली आणि दोघं तेलातून घसरत सोफ्याखाली गेली.

"बरणी काठावर कुणी ठेवली होती?" ऋजुता ओरडली.

"मला काय विचारता? स्वयंपाकघर तुमचं आहे ना!"

"माझं? चमचा घालून लोणचं शेवटी कुणी खाल्लं?"

"पुरावा आहे तुमच्याकडे?"

"तोंडाला वास येतोय तुझ्या! माझा धंदाच आहे तो!"

कौस्तुभ घाईघाईने उठला आणि खिडकी लावायला गेला. "अगं, जरा हळू. खाली सगळे ऐकतायत."

"उघडी राहू दे ती," ऋजुता म्हणाली. तिने पदर खोचला, हातात फडकं घेतलं आणि मनवाकडे वळली. "हं, बोल. काय म्हणत होतीस?"